माशांसाठी कायदा मागणारा डॉक्टर

आपल्या नद्यांतील माशांची शास्त्रीय नावे चाळली, तर ‘डे’ हे आडनाव पुनःपुन्हा भेटते. हे फ्रान्सिस डे पेशाने डॉक्टर. १८२९ साली इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात जन्मलेले डे १८५२ मध्ये मद्रासच्या लष्करी वैद्यकीय सेवेत रुजू झाले. पण त्यांचे मन रमले माशांत. १८६५ मध्ये त्यांचा मलबारच्या माशांवरील ग्रंथ निघाला. आज शोभेच्या टाक्यांत मिरवणारा आणि त्यापायीच संकटात सापडलेला डेनिसन मासा शास्त्राला प्रथम परिचित करून दिला तो त्यांनीच.

पुढे सरकारने त्यांच्यावर देशातील मत्स्यव्यवसायाच्या पाहणीचे काम सोपवले. जागोजागी तीच कहाणी दिसली. बारीक आसाच्या जाळ्यांतून पिल्लूही सुटत नव्हते. अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध निघालेले मासे बंधाऱ्यापाशी अडत आणि तिथेच मारले जात. डोहांत विष कालवले जाई. १८७३ च्या अहवालात डे यांनी या साऱ्याला कायद्याने आळा घालण्याचा आग्रह धरला.

सबंध देशासाठीचा कायदा मात्र रेंगाळला. चौदाशेंहून अधिक जातींची नोंद करून डे १८८९ मध्ये निवर्तले. त्यानंतर आठ वर्षांनी, १८९७ मध्ये, भारतीय मत्स्य कायदा झाला. सुरुंग आणि विष यांवर बंदी आली. जाळ्यांचे नियम प्रांतिक सरकारांवर सोडले गेले.

त्या कायद्याला मासा दिसला तो अन्न म्हणून. वन्यजीव म्हणून त्याला संरक्षण मिळायला २००१ साल उजाडले, आणि पहिला मान गेला समुद्रातल्या व्हेल शार्कला. नदीच्या माशाला डे यांनी नाव दिले. न्याय मिळायला मात्र फार उशीर झाला.