डोळस सेवा

रात्रीच्या नीरव वेळी हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी एक करुणामयी स्त्री, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चित्र जगभर प्रसिद्ध आहे. ते चित्र खोटे नाही. परंतु अपुरे आहे. रुग्णांची वास्तपुस्त करून परतल्यावर त्या रात्री उशिरापर्यंत पत्रे, याद्या आणि हिशेब लिहीत बसत. रुग्णाच्या वेदनेने त्यांचे अंतःकरण जितके द्रवत असे, तितकीच त्यांची बुद्धी त्या वेदनेचे कारण शोधण्यासाठी अस्वस्थ होत असे. जो रुग्णाची सेवा करतो, त्यानेच डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे, पाहिलेले लिहिले पाहिजे आणि लिहिलेल्याचा अर्थ लावला पाहिजे, ही शिकवण त्यांनी जगाला दिली.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स या नगरीत झाला. तिचे आईवडील सधन इंग्रज कुटुंबातील होते. ते युरोपच्या प्रवासात असताना ही मुलगी जन्मली, म्हणून त्यांनी तिला त्या नगरीचेच नाव दिले. वडील विद्याव्यासंगी होते. त्या काळी मुलींना उच्च शिक्षण देण्याची पद्धत नव्हती. पण त्यांनी आपल्या दोन्ही मुलींना ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय स्वतः शिकविले. फ्लॉरेन्सला विशेष गोडी होती ती गणिताची. लहानपणी गोळा केलेल्या शंखशिंपल्यांचीसुद्धा ती व्यवस्थित यादी करून ठेवी.

वयात आल्यावर आपले आयुष्य रुग्णसेवेत घालवावे, असे तिच्या मनाने घेतले. घरच्या मंडळींना हा विचार मुळीच रुचला नाही. त्या काळी इंग्लंडातील रुग्णालये अस्वच्छ असत आणि तेथे काम करणाऱ्या स्त्रियांना समाजात मान नसे. फ्लॉरेन्सने वाद घातला नाही. पण निश्चयही सोडला नाही. घरातील माणसे जागी होण्यापूर्वी पहाटे उठून ती रुग्णालयांविषयीचे सरकारी अहवाल वाची व त्यांतील माहिती टिपून ठेवी. अशी अनेक वर्षे गेली. अखेर १८५१ साली जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी कायझर्सव्हर्ट येथील संस्थेत तिला सुमारे तीन महिने शुश्रूषेचे शिक्षण मिळाले. १८५३ साली लंडनमधील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली आणि फ्लॉरेन्सबाईंच्या कार्याला प्रारंभ झाला.

पुढील वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी व आजारी सैनिकांना तुर्कस्तानातील स्कुटारी येथील रुग्णालयात आणीत. तेथील दुर्दशेच्या बातम्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होऊ लागताच लोक खवळले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून फ्लॉरेन्सबाई ३८ परिचारिका घेऊन निघाल्या आणि ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीला पोहोचल्या. तेथे एका जुन्या बराकीचे रुग्णालय केले होते. मैल मैल वाटावे असे लांब सोपे रुग्णांनी भरले होते. अंथरुणे, कपडे, भांडी, औषधे, सर्वांचीच टंचाई होती. फ्लॉरेन्सबाईंनी स्वयंपाकघर सुरू केले, धुण्याची सोय केली, सैनिकांना स्वच्छ कपडे मिळवून दिले आणि अहोरात्र श्रम केले.

तरीही एक गोष्ट त्यांच्या काळजाला घरे पाडीत होती. सेवा वाढली, तरी मृत्यू कमी होईनात; उलट हिवाळ्यात ते वाढतच गेले. १८५५ च्या फेब्रुवारी महिन्यात तर दर १०० रुग्णांपैकी सुमारे ४२ दगावले. नेमकी किती माणसे मेली, हेही कोणाला धड सांगता येत नव्हते. मृत्यूंची नोंद वेगवेगळ्या वह्यांत होई आणि एका वहीचा आकडा दुसरीशी जुळत नसे. पुढे मार्च महिन्यात इंग्लंडहून आरोग्यविषयक मंडळ आले. त्याने तुंबलेली गटारे साफ केली, पाण्याची व्यवस्था सुधारली, हवा खेळती केली. जून महिन्यापर्यंत मृत्यूंचे प्रमाण दर १०० रुग्णांमागे सुमारे २ वर आले.

१८५६ साली युद्ध संपले व फ्लॉरेन्सबाई मायदेशी परतल्या. देशभर त्यांचा जयजयकार चालला होता; पण त्यांना सत्कार नको होते. त्यांच्या डोळ्यांपुढून स्कुटारीची थडगी हालत नव्हती. विल्यम फार या विख्यात सांख्यिकीतज्ज्ञाच्या साहाय्याने त्यांनी युद्धातील मृत्यूंचा महिनावार हिशेब मांडला. शत्रूच्या शस्त्रांनी जेवढे सैनिक मेले, त्यांच्या कितीतरी पट अधिक सैनिक रोगांनी मेले होते, असे त्यातून निष्पन्न झाले. आरंभी त्यांना वाटत होते की, अपुरे अन्न, थंडी आणि साहित्याची टंचाई यांमुळे माणसे मेली. आता आकडे दाखवीत होते की, ज्या रुग्णालयात त्या रात्रंदिवस राबल्या, तेथील घाण आणि गर्दी हेच मोठे कारण होते. हे सत्य कटू होते. पण त्यांनी ते स्वीकारले.

मंत्र्यांना लांबलचक कोष्टके वाचण्याचा कंटाळा येतो, हे जाणून त्यांनी आकड्यांची चित्रे काढली. वर्तुळाचे बारा भाग करून प्रत्येक भागात एका महिन्याचे मृत्यू दाखविले. टाळता येण्यासारख्या रोगांनी झालेले मृत्यू निळ्या रंगात, जखमांनी झालेले तांबड्या रंगात आणि इतर कारणांनी झालेले काळ्या रंगात होते. निळा रंग एवढा पसरलेला होता की, पाहणाऱ्याला अधिक सांगण्याची गरज पडू नये. शांततेच्या काळी इंग्लंडातील बराकींत राहणारे तरुण सैनिकसुद्धा त्याच वयाच्या नागरिकांपेक्षा सुमारे दुप्पट प्रमाणात मरतात, हेही त्यांनी सिद्ध केले. १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

एकट्याने संशोधन करून भागत नाही, हे फ्लॉरेन्सबाई जाणून होत्या. रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगी ती दृष्टी यावी, यासाठी त्यांनी तीन दिशांनी प्रयत्न केले. पहिला प्रयत्न लष्करी डॉक्टरांसाठी होता. त्यांच्या व सिडनी हर्बर्ट यांच्या खटपटीने १८६० साली चॅटम येथे लष्करी वैद्यकाचे विद्यालय सुरू झाले. तेथे तरुण डॉक्टरांना रोग कसा बरा करावा एवढेच नव्हे, तर तो का होतो व कसा टाळावा, हेही एडमंड पार्क्स यांच्यासारख्या अध्यापकांकडून शिकता येऊ लागले.

दुसरा प्रयत्न रुग्णालयांच्या नोंदींचा होता. प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवी. त्यामुळे एकाची दुसऱ्याशी तुलनाच होऊ शकत नसे. फ्लॉरेन्सबाईंनी सर्वांसाठी एकच नमुन्याचे तक्ते तयार केले. किती रुग्ण आले, किती बरे झाले, किती दगावले, कोणत्या रोगाने व किती दिवसांनी, हे सर्व त्यांत भरावयाचे होते. १८६० साली लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे ते मांडण्यात आले. काही रुग्णालयांनी ते वापरून पाहिले. परंतु रोगांच्या वर्गीकरणावर एकमत होईना व तक्ते भरण्याचे कामही किचकट वाटे. पुढे तो उपक्रम मागे पडला.

तिसरा प्रयत्न मात्र चिरस्थायी ठरला. कृतज्ञ जनतेने त्यांच्या नावाने मोठा निधी जमविला होता. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय निघाले. विद्यार्थिनींनी रोज दैनंदिनी लिहावी व रुग्णांविषयी टिपणे ठेवावी, असा तेथे दंडक होता. रुग्णाला झोप बरी लागली काय, असे मोघम विचारण्यात अर्थ नाही. तो किती तास झोपला, केव्हा जागा झाला आणि पुन्हा केव्हा झोपी गेला, हे विचारले पाहिजे, असे त्यांनी शुश्रूषेवरील आपल्या १८५९ सालच्या पुस्तकात बजाविले होते. नेमका प्रश्न विचारल्यावाचून नेमके उत्तर मिळत नाही, हा धडा त्या साध्या उदाहरणात होता. पुढे १८७० नंतर त्या स्वतः या दैनंदिन्या वाचू लागल्या. त्यांवरून विद्यार्थिनींचीच नव्हे, तर शिकविणाऱ्यांचीही परीक्षा झाली. अध्यापनातील उणिवा दिसताच त्यांनी त्या दूर करविल्या.

त्यांची खरी कसोटी लागली ती एका प्रसूतिकक्षात. खेड्यापाड्यांतील गरीब स्त्रियांसाठी शिकलेल्या सुइणी मिळाव्यात, म्हणून त्याच निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात १८६२ च्या सुमारास एक लहान प्रसूतिकक्ष उघडण्यात आला होता. हेतू उदात्त होता, कक्ष स्वच्छ होता, सेवाही प्रेमाने होत असे. तरी तेथे सूतिकाज्वराने माता दगावू लागल्या. १८६७ साली कक्ष बंद करण्यात आला. कोणी दुसरा असता, तर दैवाला बोल लावून गप्प बसला असता. फ्लॉरेन्सबाईंनी मात्र आपल्याच कामाचा हिशेब मागितला. त्या वेळी त्या आजारपणामुळे बहुधा अंथरुणाला खिळलेल्या असत. तरी त्यांनी इंग्लंडातील व युरोपातील सूतिकागृहांकडून आकडे मागविले आणि डॉक्टर सदरलँड यांच्या मदतीने काही वर्षे त्यांचा अभ्यास केला.

१८७१ साली हे संशोधन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. संपूर्ण इंग्लंडात दर हजार बाळंतिणींमागे सुमारे ५ दगावत. पण त्यांच्या स्वतःच्या कक्षात हे प्रमाण हजारी ३० हून अधिक होते. ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. मोठ्या सूतिकागृहांपेक्षा गरिबांच्या झोपड्याही मातांना अधिक सुरक्षित होत्या. म्हणजे दोष दारिद्र्याचा नव्हता. अनेक बाळंतिणींना एकत्र ठेवणे, इतर रोग्यांच्या व शवचिकित्सेच्या खोल्यांतून तेथे माणसांची ये-जा असणे, या गोष्टी घातक ठरत होत्या. रोगजंतूंचे ज्ञान त्या काळी सर्वमान्य झाले नव्हते आणि रोग दूषित हवेमुळे होतात, असे फ्लॉरेन्सबाईंनाही दीर्घकाळ वाटत असे. तो समज पुढे चुकीचा ठरला. पण त्यांचे आकडे खरे होते, आणि मातांना थोड्या थोड्या संख्येने वेगळे ठेवावे, त्यांच्यासाठी निराळी माणसे नेमावी व प्रत्येक मृत्यूची कारणासह नोंद करावी, हा त्यांचा सल्लाही हिताचा होता.

भारताशीही त्यांचे नाते जडले. त्या येथे कधीच आल्या नाहीत; परंतु सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ साली नेमलेल्या आयोगाकरिता त्यांनी प्रश्नावली तयार केली व ती देशभरातील लष्करी ठाण्यांकडे पाठविण्यात आली. उत्तरांच्या ढिगाऱ्यातून दिसले की, भारतात दरवर्षी हजार गोऱ्या सैनिकांमागे ६९ मरत होते. स्वच्छतेच्या उपायांनंतर दहा वर्षांत हा आकडा १८ पर्यंत उतरला. सैनिकांपासून त्यांचे लक्ष भारतीय खेड्यांतील पाणी, गटारे आणि दुष्काळ यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला.

१८९१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ऑक्सफर्ड विद्यापीठात सांख्यिकीचे अध्यापकपद निर्माण व्हावे, म्हणून त्यांनी फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञांशी विचारविनिमय केला. राज्यकर्त्यांजवळ आकडे पुष्कळ असतात, पण ते वाचण्याचे शिक्षण नसते, ही त्यांची खंत होती. ती योजना सफल झाली नाही. १९०७ साली त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा बहुमान मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वद वर्षांचे आयुष्य पुरे करून त्यांनी देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा मान कुटुंबीयांनी नम्रपणे नाकारला. हॅम्पशरमधील एका खेड्यातील चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. तिच्यावर त्यांचे पूर्ण नावही नाही. केवळ आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.

१२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. रुग्णालयातील खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला असतो. परिचारिका ठरलेल्या वेळी येते, ताप पाहते, नाडी मोजते आणि त्यावर नोंद करते. हे काम दिसावयास लहान आहे. पण अशाच लहान नोंदींतून रोगाचे मूळ सापडते आणि पुढच्या रुग्णाचे प्राण वाचतात. दया सेवेला प्रवृत्त करते. परंतु त्या सेवेला वाट दाखविते ते ज्ञानच. फ्लॉरेन्सबाईंच्या हातातील दिव्याचा खरा प्रकाश हाच होय.