क्रीडातपस्वी प्रा. दि. ब. देवधर

गोव्यात खेळ म्हटला की प्रथम फुटबॉल आठवतो. पेडणे-डिचोलीकडील गावांत भातकापणी आटोपली की रिकाम्या शेतांत मुलांचा खेळ रंगतो; कुणी फुटबॉल खेळते, कुणी क्रिकेट. पण खेळण्याचे वय सरल्यावर आपल्या खेळासाठी झटणारे खेळाडू थोडेच. अशा थोड्यांपैकी एक म्हणजे प्रा. दिनकर बळवंत देवधर.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. सकाळी कालिदास आणि सायंकाळी क्रिकेट असे हे आगळे आयुष्य! त्यामुळेच क्रिकेटच्या जगातही ते अखेरपर्यंत 'प्रोफेसर' म्हणूनच ओळखले गेले.

पहिल्या महायुद्धापूर्वी, १९११ साली, त्यांनी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. १९२६ मध्ये इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा काढल्या. आपले खेळाडू इंग्रजांच्या तोडीस तोड आहेत, हे त्या दौऱ्यात सी. के. नायडू आणि देवधर यांच्या बॅटींनी दाखवून दिले. १९२८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये भारताने पहिला कसोटी सामना खेळला. परंतु तोवर देवधरांनी चाळिशी गाठली होती. कसोटी खेळण्याचा मान त्यांना कधीच लाभला नाही.

दुसरा एखादा असता तर खचून घरी बसला असता. देवधरांनी मात्र महाराष्ट्राचा संघ घडवायला घेतला. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी बलाढ्य मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. मुंबईच्या ६५० धावांना महाराष्ट्राने ६७५ धावांनी उत्तर दिले! पुढे १९४४-४५ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी दोन शतके झळकावली.

पुढे ते निवृत्त झाले. १९४६ साली त्यांच्या संघात वाढलेले विजय हजारे आणि रंगा सोहोनी इंग्लंडमध्ये भारतातर्फे कसोटी सामने खेळले. गुरूला जे मिळाले नाही, ते शिष्यांना मिळाले.

निवृत्तीनंतर त्यांनी खेळाच्या कारभाराची धुरा उचलली. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष, नियामक मंडळाचे उपाध्यक्ष आणि राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य या नात्यांनी त्यांनी काम केले. कसोटीची टोपी ज्याच्या डोक्यावर कधी आली नाही, त्यानेच ती इतरांसाठी निवडावी, यात त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो. खेळाचा हा वारसा घरातही उतरला. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या कन्यांनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय बॅडमिंटन गाजवले.

१९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण देऊन सरकारने त्यांचा गौरव केला. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाने देवधर करंडक स्पर्धा सुरू झाली. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, हा क्रीडातपस्वी पुण्यात कालवश झाला.

विद्यार्थिमित्रांनो, संघाच्या यादीत आपले नाव नसले म्हणून मैदानाकडे पाठ फिरवू नका. खेळाला खेळणारे लागतात, तसेच खेळाडू घडवणारेही लागतात. देवधर सरांचे आयुष्य हेच सांगते.