धरणीच्या पोटात वीज सोडणारा संशोधक

कर्जत-खालापूरच्या वाड्यांमध्ये विंधनविहिरीची जागा ठरवण्याचे दोन मार्ग आहेत. एक तळहातावर नारळ घेऊन शेतातून फिरणाऱ्या पाणाड्याचा. दुसरा, जमिनीत चार सळ्या ठोकून यंत्रावरील आकडे टिपणाऱ्या भूवैज्ञानिकाचा. या सळ्या रोवण्याच्या एका रूढ पद्धतीस 'श्लम्बर्जर मांडणी' म्हणतात. तिला ज्यांचे नाव मिळाले, ते फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ कॉनराड श्लम्बर्जर जगाला ठाऊक झाले ते मात्र पाण्यामुळे नव्हे, तेलामुळे.

कॉनराड यांचा जन्म २ ऑक्टोबर १८७८ रोजी अल्सास प्रांतातील गेबविलेर येथे झाला. १८७१ पासून हा प्रांत जर्मनीच्या ताब्यात होता. घराणे वस्त्रोद्योगातील, परंतु कॉनराड यांचा ओढा विज्ञानाकडे होता. पॅरिसमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून १९०७ मध्ये ते 'एकोल दे मीन' या खाणविद्येच्या विख्यात संस्थेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

प्रत्येक खडक विजेला सारखाच विरोध करत नाही. मग जमीन न खणता, केवळ वीज सोडून तिच्या पोटात काय दडले आहे ते ओळखता येईल का, या प्रश्नाने त्यांना झपाटले. आरंभीचे प्रयोग त्यांनी टबात वाळू भरून केले. १९१२ मध्ये नॉर्मंडीतील कौटुंबिक जमिनीवर त्यांनी समान विद्युत्दाबाच्या रेषांचा नकाशा काढला. पहिल्या महायुद्धात हे काम खंडित झाले. १९१९ मध्ये वडील पॉल यांनी पाच लाख फ्रँकचे पाठबळ दिले. मात्र नफ्यापेक्षा संशोधनाला अग्रक्रम द्यावा, अशी अट घातली. धाकटे बंधू मार्सेल यांची यंत्रनिर्मितीतील हातोटीही पाठीशी आली.

पुढचे पाऊल निर्णायक ठरले. वीज जमिनीवरून सोडण्याऐवजी थेट तेलविहिरीत उतरवायची! ५ सप्टेंबर १९२७ रोजी अल्सासमधील पेशेलब्रॉन तेलक्षेत्रात कॉनराड यांचे जामात आंरी डॉल आणि दोन सहकाऱ्यांनी बेकेलाइटच्या नळ्या जोडून केलेले साधन सुमारे पाचशे मीटर खोल विहिरीत सोडले. दर मीटरला थांबायचे, आकडा टिपायचा, पुन्हा दोर ओढायचा. हे सारे ठिपके जोडल्यावर कागदावर एक नागमोडी रेषा उमटली. विहिरीतून खडकाचे नमुने काढण्याच्या खर्चिक आणि वेळखाऊ कामाला प्रथमच पर्याय मिळाला होता.

ही रेषा काढण्याहून वाचणे कठीण होते. खडकातील बारीक छिद्रांत खारे पाणी असेल तर वीज सहज वाहते. तेल असेल तर अडते. म्हणून रोध वाढला की तेलाची आशा बळावते. परंतु छिद्रेच नसलेला घट्ट चुनखडक किंवा गोडे पाणी असलेली वाळूही जास्तच रोध दाखवते. १९३१ मध्ये विहिरीत आपोआप निर्माण होणारा विद्युत्दाब मोजण्याची जोड मिळाली आणि द्रव वाहू देणारे थर वेगळे ओळखता येऊ लागले. एका रेषेवर विसंबू नये, दुसरीशी ताडून पाहावी, हा धडा तेव्हापासून रूढ झाला.

व्हेनेझुएला, अमेरिका, सोव्हिएत रशिया अशी ही पद्धत पसरत असतानाच ९ मे १९३६ रोजी रशियाहून परतताना स्टॉकहोम येथे हृदयविकाराने कॉनराड यांचे निधन झाले. ते अवघे ५७ वर्षांचे होते. रोध, सच्छिद्रता आणि पाण्याचे प्रमाण यांचे गणिती नाते अमेरिकेतील गस आर्ची यांनी १९४२ मध्ये मांडले. ते पाहणे कॉनराड यांच्या नशिबी नव्हते.

रायगड जिल्ह्यात या वारशाची दोन टोके भेटतात. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले. ते 'बॉम्बे हाय' तेलक्षेत्र जिल्ह्याच्या उरणशी नळवाहिन्यांनी जोडले गेले. तिथल्या विहिरींच्या आलेखांत तज्ज्ञ वाढलेला रोध शोधतात. आत कर्जत-खालापुरात मात्र नेमके उलटे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलूनही काळा कातळ पाणी फारसे साठवत नाही आणि उन्हाळ्यात वाड्या-पाड्यांवर हंड्यांची रांग लागते. येथे जास्त रोध म्हणजे अखंड, कोरडा कातळ. पाणी मिळाले तर भेगाळलेल्या, झिजलेल्या खडकात, म्हणजे जिथे आकडा उतरतो तिथे. त्यातही चिकणमाती असली तर उतरलेला आकडा चकवतो.

विंधनविहीर कोरडी निघाली की तेल कंपनीचा एक प्रयत्न फसतो. शेतकऱ्याच्या डोक्यावर मात्र कर्ज उरते. म्हणूनच आकडा टिपून यंत्राचे काम संपते, माणसाचे सुरू होते. पायाखालचा खडक ठाऊक असलेल्यालाच तो आकडा वाचता येतो. कॉनराड श्लम्बर्जर यांनी जगाला यंत्र दिले आणि त्यासोबत वाचनाची ही जबाबदारीही.