गोलम व्हिलन होता का?

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर तुमच्या ग्रुपमध्ये वाद झाला असेल, तर गाडी गोलमवर अडलीच असेल. बिचारा की बदमाश? खुद्द जे. आर. आर. टॉल्किनही या वादात पडले होते, बरं का!

जन्म १८९२चा, दक्षिण आफ्रिकेतला. चार वर्षांचे असताना वडील गेले, बाराव्या वर्षी आई. शाळेत जिवलग दोस्तांची चौकडी जमली, पण १९१६ साल संपेपर्यंत त्यातले दोघं महायुद्धात गेले. सोमच्या खंदकांतून टॉल्किन परतले ते तापाने फणफणत. पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापकी.

१९३७च्या 'द हॉबिट'मधला गोलम वेगळाच होता. हरल्यावर अंगठी द्यायलाही तयार! पण पुढे हीच अंगठी मन पोखरणारी ठरली, मग हा गोलम कसा चालेल? १९५१च्या आवृत्तीत टॉल्किननी ते प्रकरणच बदललं.

शेवट आठवतोय ना? फ्रोडो अंगठी टाकतच नाही. गोलम ती हिसकावतो आणि तोल जाऊन आगीत पडतो. यावर वाचक पत्रं लिहून भांडले. एकाला तर फ्रोडोला देशद्रोहाची शिक्षा हवी होती! टॉल्किन बधले नाहीत. तिथे कुणीही हरलंच असतं आणि आधी गोलमला दाखवलेली दयाच कामी आली, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना चटका लावणारा प्रसंग वेगळाच होता. झोपलेल्या फ्रोडोच्या गुडघ्याला गोलम हळूच हात लावतो. तो बदलायच्या बेतात असतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो.