फुटबॉलचे गुरुजी : कै. सय्यद अब्दुल रहीम

आमच्या जामसर-जव्हारच्या बाजूस भाताची कापणी उरकली की मोकळ्या खाचरांत मुलांचे फुटबॉलचे डाव रंगू लागतात. बहुतेकांचे पाय अनवाणीच असतात. ज्याच्या पायी चेंडू येतो तो त्यास सोडावयास सहसा राजी नसतो. चौघांस चकवून आपण एकट्यानेच गोल करावा, अशी प्रत्येकाची मनीषा! हा प्रकार पाहिला म्हणजे आम्हांस हैदराबादच्या एका शाळामास्तरांचे स्मरण होते. ह्याच खोडीवर औषध शोधण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले.

सय्यद अब्दुल रहीम ह्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. जव्हारप्रमाणे तेही त्या काळी संस्थानच होते, मात्र पुष्कळ मोठे. औरंगाबाद, नांदेड, परभणी हा मराठी मुलूखही त्यातच मोडत असे. रहीमसाहेबांचे शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. तेथे व पुढे गावच्या संघांतून ते फुटबॉल खेळले. खेळाडू म्हणून त्यांचे नाव शहराबाहेर फारसे गेले नाही. पोटासाठी त्यांनी शिक्षकी पत्करली, काचीगुडा व चादरघाट येथील शाळांत मुलांस शिकविले, आणि शारीरिक शिक्षणाची पदविकाही मिळविली. इ. स. १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस झाले आणि मरेपर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांची खरी करामत येथून पुढे दिसते. चेंडू पायाशी घोळवीत नेण्यास सक्त मनाई आहे, अशा स्पर्धा त्यांनी भरविल्या. चेंडू आला की तो लागलीच सोबत्याकडे धाडावयाचा! दुसऱ्या काही स्पर्धांत उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्यानेच चेंडू मारावा, असा नियम केला. प्रथम मुलांची किती फजिती झाली असेल! परंतु ह्या शिस्तीत वाढलेल्या खेळाडूस चेंडू येण्यापूर्वीच मान वर करून सोबती कोठे आहे हे पाहून ठेवावे लागे, आणि दोन्ही पाय सारखेच कामास येत. पळण्यात माणूस चेंडूस कधीच गाठू शकत नाही, ही साधी गोष्ट मास्तरांनी ओळखली होती.

ह्या शिकवणीचे फळ मुंबईकरांनी कूपरेज मैदानावर प्रत्यक्ष पाहिले. इ. स. १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स चषक रहीमसाहेबांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे जिंकला.

तोवर भारताच्या संघाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली होती. १९५१ साली दिल्लीस पहिल्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने इराणवर १-० असा विजय मिळविला; आमच्या मुलांप्रमाणे त्या संघातील बहुतेक वीरही अनवाणीच खेळले. पुढील वर्षी हेलसिंकीच्या थंडीत मात्र युगोस्लाव्हियाने १-१० अशी धूळ चारली. त्यानंतर बूट घालणे भाग पडले. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरवून भारत उपांत्य फेरीत पोहोचला. आशियातील कोणताही देश तोवर तेथे गेला नव्हता. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे मूळचे गोव्याचे, मुंबईच्या टाटा संघातून खेळणारे. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. पहिला गोल भारताचा झाला, तोही नेव्हिलचाच, परंतु पुढे १-४ असा पराभव झाला.

शेवटची परीक्षा १९६२ साली जाकार्ता येथे झाली. रहीमसाहेबांच्या फुप्फुसांत कर्करोगाने घर केले होते. आरंभीच दक्षिण कोरियाने ०-२ असे हरविले. थायलंडशी सामना जिंकला, पण बचावाचा आधारस्तंभ जर्नेल सिंग ह्यांच्या डोक्यास जखम होऊन टाके घालावे लागले. तेव्हा मास्तरांनी एक धाडस केले : जखमी बचावपटूस आघाडीस नेऊन उभे केले! उपांत्य सामन्यात जर्नेल ह्यांनी गोल केला आणि दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला.

मैदानाबाहेर तर वादळच उठले होते. इस्रायल व तैवान ह्यांस स्पर्धेत घेतले नाही, ह्याबद्दल एका भारतीय पदाधिकाऱ्याने आक्षेप घेतल्यामुळे लोक चिडले होते. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्याच्या वेळी सारे प्रेक्षागार भारताविरुद्ध ओरडत होते. आदल्या रात्री आजारी गुरूने शिष्यांकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, असे त्यांचे खेळाडू पुढे सांगत असत. समोर तोच दक्षिण कोरिया. सतराव्या मिनिटास पी. के. बॅनर्जी ह्यांनी गोल केला, विसाव्यास जर्नेल सिंग ह्यांनी दुसरा. कोरियाने अखेरीस एक फेडला, तथापि २-१ असा निकाल कायम राहिला आणि गुरुदक्षिणा पोचली.

रहीमसाहेबांस ती फार दिवस पाहावयास मिळाली नाही. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात मधल्या फळीचे खेळाडू म्हणून निवडले गेले होते. तेही पुढे वडिलांप्रमाणे प्रशिक्षक झाले. २०२४ साली मास्तरांवर एक हिंदी चित्रपटही निघाला. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक मात्र जाकार्तानंतर भारतास पुन्हा मिळालेले नाही.