दुखणं हरवलेली पावलं

निफाड तालुक्यातलं गोदाकाठचं सायखेडा घ्या, नाहीतर आपलं कुठलंही गाव. शेतावरून आल्यावर पाय धुतले जातात, पण तळवा कुणी उलटून पाहत नाही. मधुमेहाच्या माणसाला हे महागात पडतं. पाय बधिर झाला की रुतलेला काटा कळत नाही. जखम चिघळते आणि पाय कापण्यापर्यंत पाळी येते. ती टाळण्याची वाट ज्यांनी दाखवली, त्या डॉ. पॉल ब्रँड यांची हयात मात्र गेली कुष्ठरोग्यांत.

ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. आईवडील मिशनरी. डॉक्टर होण्याआधी त्यांनी इंग्लंडमध्ये बांधकाम आणि सुतारकाम शिकून घेतलं होतं. १९४६ साली ते वेल्लोरला आले. कुष्ठरोग्याची बोटं आपोआप झडतात, असा तेव्हा सर्रास समज होता. एकदा एका मुलाने गंजलेलं कुलूप जोर लावून उघडलं. त्याचं बोट पार हाडापर्यंत कापलं गेलं होतं, पण त्याला पत्ताच नव्हता! काहींची बोटं रात्री उंदीर कुरतडत. मग रुग्णांना चक्क मांजरं दिली गेली.

म्हणजे मांस सडत नव्हतं, वेदनेची राखण उठली होती. आपला पाय दुखला की आपण नकळत लंगडतो आणि भार दुसरीकडे टाकतो. बधिर पाय त्याच जागी हजारो पावलं आपटत राहतो. ब्रँड यांनी नुसतं मलमावर न विसंबता जखमेवरचा भार काढला. आधी प्लास्टर, मग मऊ रबराच्या चपला.

एका रात्री स्वतःचीच टाच बधिर वाटून त्यांची झोप उडाली. सकाळी सुई टोचली, कळ आली, तेव्हा कोण आनंद झाला त्यांना!

१९६६ मध्ये ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. मधुमेह्यांच्या पायांची गतही तीच, हे तिथे उमगलं आणि प्लास्टरची रीत त्यांच्याही कामी आली. २००३ साली ते वारले.

जखमेत पू असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर आधी त्यावर इलाज लागतो. प्लास्टरचं डॉक्टरच ठरवतात. घरच्यांनी करायचं ते सोपं आहे. रोज रात्री आजोबांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्या. चप्पल घालण्याआधी आत खडा नाही ना, हे हाताने चाचपावं. कुरूप ब्लेडने कापू नये. एखादी जागा लाल किंवा गरम लागली, तर दुखत नसलं तरी दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा.