खटल्यानंतरच्या रखमाबाई

रखमाबाईंचे नाव आपल्याकडे निघते ते खटल्यापुरते. नवऱ्याकडे नांदायला नकार देणारी, त्यासाठी तुरुंगात जायला तयार असलेली बाई, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. जयंतीच्या बॅनरवर सावित्रीमाई आणि ताराबाई शिंदे यांच्या शेजारी कधीतरी त्यांचा फोटोही दिसतो. पण खटला चालला चार वर्षे आणि त्यानंतर त्यांनी दवाखाना चालवला तो जवळपास पस्तीस वर्षे. चळवळीतल्या मुलामुलींनी हा दुसरा भाग वाचावा म्हणून हे लिहितो आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. जात सुतार. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले, तेव्हा आई जयंतीबाई जेमतेम सतरा वर्षांची होती. ब्राह्मण घरात तिचे केशवपन झाले असते. सुतारांमध्ये पाट लावण्याची रीत होती, म्हणून तिचे दुसरे लग्न होऊ शकले, तेही डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत, वनस्पतिशास्त्राचे जाणकार होते आणि सुधारकांमध्ये त्यांची ऊठबस होती. ज्याला 'खालची' रीत म्हणून हिणवले जाई त्या पुनर्विवाहामुळेच रखमाबाई डॉक्टरच्या घरात वाढल्या.

तरीही अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झालेच. नवरा दादाजी भिकाजी एकोणीस वर्षांचा होता. सखाराम अर्जुन यांनी मुलीला लगेच सासरी पाठवले नाही. दादाजींचे शिक्षण मागे पडले, तब्येत ढासळली आणि ते मामाच्या घरी राहू लागले. इकडे रखमाबाई घरीच पुस्तके वाचून शिकत गेल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला, की बायकोला माझ्या ताब्यात द्या. रखमाबाईंचे उत्तर साधे होते. हे लग्न मला समज नसताना लावले, त्याला माझी संमती नव्हती, मी जाणार नाही.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा असला दावा मुळात इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून आला आहे, त्याला हिंदू धर्मशास्त्राचा आधार नाही, हे त्यांनी नोंदवले. यावर मोठा गदारोळ झाला. टिळक रखमाबाईंच्या विरोधात उभे राहिले आणि शिकलेल्या बायका अशाच बिघडतात असा सूर सनातनी पत्रांनी लावला. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. टाइम्स ऑफ इंडियात 'एक हिंदू स्त्री' या नावाने बालविवाहावर पत्रे छापून आली, ती रखमाबाईंनीच लिहिली होती.

अपिलात प्रकरण पुन्हा खाली आले आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. या हुकमाच्या सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या होत्या. वय अवघे एकवीस. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांत गेले, त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या होत्या. एका आठवड्यात महाराष्ट्राने एक डॉक्टर बाई गमावली आणि पुढे डॉक्टर होणाऱ्या दुसऱ्या बाईला तुरुंग दाखवला.

रखमाबाई तुरुंग पत्करायला तयार होत्या, पण तिथवर गोष्ट गेली नाही. व्हिक्टोरिया राणीने लग्न मोडले अशी कथा फिरत असते, तिच्यावर विसंबू नका. १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली आणि दावा सोडला. लग्न मोडले असे कुठल्याही कोर्टाने म्हटले नाही.

मुंबईत तेव्हा कामा हॉस्पिटल नुकतेच सुरू झाले होते. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये उघडलेला हा दवाखाना बायकांसाठी होता आणि डॉक्टरही बायकाच. पुरुष डॉक्टरपुढे अंग दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका घरोघर होत्या. तिथल्या मुख्य डॉक्टर एडिथ पीची यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्याचा मार्ग दाखवला. पीची स्वतः लढून डॉक्टर झालेल्या. एडिनबर्ग विद्यापीठात बायकांना शिकू देत नव्हते, तेव्हा दार ठोठावणाऱ्या पहिल्या सात जणींपैकी त्या एक.

१८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या. लंडनची रॉयल कॉलेजे तेव्हा बायकांना परीक्षेलाच बसू देत नसत. म्हणून शिक्षण लंडनला, परीक्षा स्कॉटलंडमध्ये आणि एम. डी. ब्रसेल्सची, असा फेरा करून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांना भारतातली पहिली प्रॅक्टिस करणारी स्त्री डॉक्टर म्हणणाऱ्या पोस्ट दरवर्षी येतात. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली त्यांच्या आधीपासून रुग्ण तपासत होत्या. रखमाबाईंचे मोठेपण पहिल्या नंबरावर अवलंबून नाही.

परत आल्यावर थोडे दिवस कामा हॉस्पिटलमध्ये काढून १८९५ मध्ये त्या सुरतेला बायकांच्या दवाखान्याच्या प्रमुख म्हणून गेल्या. इमारत होती, खाटा होत्या, डॉक्टर बाई होती. बायका मात्र येईनात. दवाखान्यात गेलेली बाई परत येत नाही असा समज होता. बाळंतपण घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीत, जुनेऱ्यावर व्हायचे, कारण ते विटाळाचे काम. हा विटाळ उपसायचे काम देशाच्या कितीतरी भागांत अस्पृश्य जातींच्या बायकांवर ढकललेले होते. नाळ कापायची त्यांनी, वार पुरायची त्यांनी, आणि बाई दगावली की अडाणी दाई म्हणून दोषही त्यांनाच. मिशनरी आणि सरकारी डॉक्टरांच्या त्या काळच्या लिखाणात हा दोष भरपूर सापडतो, दाईला कुणी शिकवले का हा प्रश्न क्वचित. आपल्या आज्या-पणज्यांचा इतिहास या ओळींमध्ये दबलेला आहे.

सुरतेतली एक गोष्ट रखमाबाईंच्या चरित्रात सांगितली जाते. त्यांनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणवली आणि तिचे बाळंतपण नीट पार पाडून दाखवले. शेळी आणि पिल्लू जगलेले लोकांनी पाहिले आणि मग बायका येऊ लागल्या. ऐकताना हसू येते. पण बाईंनी काय केले नाही ते बघा. येत नाहीत म्हणजे अडाणी आहेत, असे म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. भीती कशाची आहे ते त्यांनी समजून घेतले आणि उत्तर त्या भीतीला दिले. ज्या बाईच्या शरीरावर कोर्टाने तिला न विचारता हुकूम काढला होता, तिला न विचारण्याची किंमत माहीत होती, असे मला वाटते.

माझ्या मावशीला घेऊन मी एका सरकारी दवाखान्यात गेलो होतो. अंगावरून जाण्याचा त्रास तिला होत होता आणि डॉक्टर प्रश्न मला विचारत होते. मान वर न करता त्यांनी चिठ्ठी लिहिली. आम्ही तीन मिनिटांत बाहेर. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे काय झाले ते तर २०१९ मध्ये साऱ्या देशाने वाचले. पोटात दुखते, पांढरे जाते म्हणून आलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला लावायची. सरकारी पाहणीत तेरा हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, कित्येकींची चाळिशीही झालेली नव्हती. त्यात आपल्या वस्त्यांतल्या बायकाही आहेत. दवाखाना होता, डॉक्टर होता, तिचे ऐकून घेणारे कुणी नव्हते.

सुरतेनंतर रखमाबाई राजकोटच्या जनाना हॉस्पिटलमध्ये गेल्या आणि १९३० च्या सुमारास निवृत्त झाल्या. १९२९ मध्ये पडदा मोडला पाहिजे असे मांडणारी पुस्तिका त्यांनी काढली. पडद्याआडच्या बायकांसाठीच्या दवाखान्यांत आयुष्य घालवून शेवटी त्या पडद्याविरुद्धच उभ्या राहिल्या.

त्या राजकोटला होत्या त्याच काळात, जुलै १९२८ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलाच्या बाजूने बोलले. बाईला विश्रांती देणे हे देशहिताचे आहे आणि त्याचा भार मालकाने आणि सरकारनेही उचलावा, हा त्यांचा मुद्दा होता. १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला आणि सभागृहाने तो फेटाळला. रखमाबाई आंबेडकरी नव्हत्या, ओढूनताणून त्यांना तसे करू नये. दवाखान्यात बसून त्यांना जे करता येत होते ते त्या करत होत्या, कायद्याने करायचे ते बाबासाहेब करत होते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे घातली. ज्याच्याशी एक दिवसही संसार केला नाही त्याच्यासाठी! याचा अर्थ लावणाऱ्यांनी पुष्कळ लावले आहेत. बंडखोर माणूस सगळीकडे बंडखोर नसतो, एवढे मी त्यातून घेतो.

हिंदू कोड बिल अडवले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. पुढे त्याचे तुकडे करून जे कायदे झाले, त्यांतला हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून लागू झाला. रखमाबाईंना जो कधीच मिळाला नाही तो घटस्फोट त्यात बायकांना मिळाला. आणि त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये, वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा दावाही राहिला, जो दादाजींनी त्यांच्यावर लावला होता. तो आजही आहे. कायदा लागू झाला तेव्हा रखमाबाई नव्वद वर्षांच्या होत्या. चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, त्या गेल्या.